ताण घेणाऱ्या पेशी माशाच्या मेंदूत येतात कुठून?

पेट्रीवाला

मत्स्यटाकीच्या धाग्यावर मध्यंतरी कोणीतरी विचारलं होतं, "नवा मासा सोडला की तळाला जाऊन का बसतो?" उत्तरं आली ती पाण्याचा पीएच, क्लोरीन, तापमान यांवर. सगळी बरोबरच होती. मला जे लिहायचं होतं ते तिथे अवांतर झालं असतं, म्हणून हा वेगळा धागा.

झेब्रा डॅनिओ बऱ्याच जणांकडे असेल. निळ्या-रुपेरी पट्ट्यांचा, दीड इंची, नवशिक्यांना दुकानदार "हाच न्या, सहसा मरत नाही" म्हणून देतात तो. नव्या टाकीत हे महाशय आधी तळ गाठतात, कोपरा धरतात आणि काही मिनिटांनी जरा जरा वर येऊन जागा तपासायला लागतात. प्रयोगशाळेत याचीच रीतसर चाचणी होते. कॅमेरा लावायचा आणि मासा वरच्या भागात किती वेळ होता, खाली किती वेळ होता ते मोजायचं. पाण्यात चिंता कमी करणारं औषध घातलं तर तोच मासा लवकर वर येतो.

ताण नावाचं काहीतरी त्या इवल्याशा मेंदूत चालतं हे यावरून दिसतं. मला त्याच्या आधीची पायरी जास्त रंजक वाटते. सुरुवातीला अंड्यात एकच पेशी असते. तिच्यापासून ताण सांभाळणाऱ्या पेशी कधी बनतात आणि कोणत्या पेशीने ते काम करायचं हे कसं ठरतं?

हे बघायला हाच मासा का, तर अंडं आईच्या शरीराबाहेर फलित होतं, मिलिमीटरभराचं असतं आणि काचेसारखं आरपार दिसतं. २८.५ अंश तापमानाला ठेवलं की चोवीस तासांच्या आसपास शेपूट वळवळते, दोन-तीन दिवसांत पिलू बाहेर येतं, पाचव्या दिवशी स्वतः पोहून भक्ष्य शोधतं. हे सगळं सूक्ष्मदर्शकाखाली, जिवंत पिलात. अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी या माशाला आनुवंशिकीच्या कामाला लावलं, १९८१ साली त्यांचा क्लोन माशांचा शोधनिबंध आला. मासा मात्र आपल्याकडचा. गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या १८२२ च्या ग्रंथात फ्रान्सिस हॅमिल्टन याने त्याचं वर्णन केलं होतं.

आता ताणाची साखळी. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस, त्याला लागून पुढच्या बाजूला प्रीऑप्टिक भाग. तिथल्या थोड्याशा पेशी सीआरएच नावाचं रसायन बनवतात. त्यांचे तंतू थेट पिट्युटरीत शिरतात (आपल्यात हे काम एका रक्तवाहिन्यांच्या जाळ्यामार्फत होतं, या माशांत मधला टप्पाच नाही). पिट्युटरीतून एसीटीएच नावाचं संप्रेरक रक्तात जातं आणि मूत्रपिंडाच्या डोक्याकडच्या भागात विखुरलेल्या पेशी कॉर्टिसॉल सोडतात. आपल्यासारखी वेगळी अॅड्रिनल ग्रंथी माशाला नसते, पण संप्रेरक तेच, कॉर्टिसॉल. उंदरांत मुख्य संप्रेरक कॉर्टिकोस्टेरॉन असतं. या एका बाबतीत मासा आपल्याला उंदरापेक्षा जवळचा.

गंमत वेळापत्रकात आहे. अंड्यातल्या बलकात आईने दिलेलं कॉर्टिसॉल असतं. ते हळूहळू संपत जातं. पिलू बाहेर आल्यावर स्वतःचं बनायला लागतं. पण पाणी ढवळून पिलाला त्रास दिला आणि कॉर्टिसॉल उसळलं, असं नीट दिसतं ते चौथ्या दिवसाच्या आसपास. म्हणजे अंड्यातून बाहेर पडलेलं, हलणारं पिलू आहे, पण संप्रेरकांची ताणयंत्रणा अजून लागलेली नाही, असा एक काळ असतो.

प्रश्न विचारा. जमेल तसं लिहितो.

दुपारची_चहा

वाचतेय. छान धागा.
पण एक कळलं नाही. दोन-तीन दिवसांच्या पिलाला टोचलं तर ते पळत नाही का? पळत असेल तर ताण नाही कसं म्हणता?

पेट्रीवाला

पळतं तर! दोन दिवसांच्या पिलाला सुईच्या टोकाने हलकं शिवलं तरी झटका देऊन बाजूला होतं. तो वेगळा विभाग आहे.

माशाच्या मेंदूच्या मागच्या भागात माउथनर पेशी नावाची एक जोडी असते. एक डावीकडे, एक उजवीकडे. पेशी इतकी मोठी की माशांच्या मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांना शंभर वर्षांहून जास्त काळ ती माहीत आहे. डाव्या कानाशी धक्का लागला की डावी माउथनर पेशी पेटते, तिचा तंतू ओलांडून उजव्या बाजूला जातो, उजवीकडचे स्नायू एकदम आखडतात आणि मासा इंग्रजी सी अक्षरासारखा वाकून धोक्यापासून दूर फेकला जातो. काही मिलिसेकंदांत. ही पेशी फार लवकर जन्मते, फलनानंतर सात-आठ तासांत तिचं शेवटचं विभाजन उरकलेलं असतं. तेव्हा भ्रूणाला धड डोकं-शेपूटही आलेलं नसतं.

सीआरएचवाल्या पेशी आणि त्यांच्या आसपासच्या ऑक्सिटोसिनवाल्या पेशी ओळखू येतात त्या दिवस-दीड दिवसानंतर, आणि त्यांची पिट्युटरीशी व पुढे कॉर्टिसॉलशी जोडणी व्हायला आणखी वेळ. पळ काढणं मिलिसेकंदांचं काम. पळून झाल्यावर पुढचा तासभर कसं वागायचं, खायचं की नाही, उघड्यावर यायचं की नाही, हे या दुसऱ्या यंत्रणेचं काम. तुम्ही "ताण" म्हणताय तो बहुतेक हा दुसरा.

निरागस_नारायण

आमच्याकडे पहिली यंत्रणा आहे, बॉसचा फोन आला की मिलिसेकंदांत दिसेनासा होतो.

(ह.घ्या. चालू द्या.)

जीवशास्त्राच्या_बाई

अकरावीला हे शिकवताना आम्ही हायपोथॅलॅमस-पिट्युटरी-अॅड्रिनल असा बाण काढून मोकळ्या होतो. पहिल्या बाणाची पहिली पेशी कशी ठरते, हे पाठ्यपुस्तकात नाहीच. शेजारशेजारच्या पेशींपैकी एकीने सीआरएच बनवायचं आणि दुसरीने ऑक्सिटोसिन, हे कोण ठरवतं? थोडं सविस्तर लिहाल का?

पेट्रीवाला

बाई, याच प्रश्नासाठी धागा काढला म्हणा ना.

आधी जागा ठरते. भ्रूणाच्या पोटाकडच्या बाजूने हेजहॉग नावाच्या प्रथिनासारखे रासायनिक संकेत येतात आणि कोणत्या पेशीला किती संकेत मिळाला त्यावरून मेंदूचे भाग पडतात. पुढच्या भागात फेझएफ-२ नावाचं प्रथिन काम करतं आणि त्याच्या हाताखाली ऑर्थोपीडिया हे जनुक चालू होतं. तोंडात बसायला सोपं म्हणून ओटीपी म्हणू (बँकेचा नव्हे). ओटीपीचं प्रथिन डीएनएवर बसून दुसरी जनुकं चालू-बंद करतं.

प्रीऑप्टिक भागात ज्या पेशींत ओटीपी चालू, त्यांतून सीआरएच, ऑक्सिटोसिन, व्हॅसोप्रेसिन, सोमॅटोस्टॅटिन बनवणाऱ्या पेशी तयार होतात. डोपामाइनच्या काही पेशींनाही तेच लागतं. म्हणजे ओटीपी "तू सीआरएचच बनव" असं एकट्याने सांगत नाही, एका घराण्याचा शिक्का मारतं. त्या घराण्यात कोण काय होणार, हे बरोबर असलेली बाकीची प्रथिनं आणि वेळ ठरवतात. आणि हे कायमचं ठरतं असंही नाही. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या गिल लेव्हकोविट्झ यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं की ओटीपी बिघडलं की वाढत्या पिलात ऑक्सिटोसिन पेशींचं रसायन बदलण्याचा क्रमच हलतो, आणि त्याचा परिणाम मोठ्या माशाच्या कळपातल्या वागण्यापर्यंत पोचतो.

याच गटाचं २०१२ चं काम मला जास्त आवडतं. एरवी समज अशी की पेशीला ओळख देणारं जनुक आपलं काम करून बाजूला होतं. यांना दिसलं की पेशी तयार झाल्यावरही ओटीपी तिथे ठाण मांडून असतं. माशाला ताण दिला की तेच ओटीपी सीआरएचच्या जनुकावर बसून उत्पादन वाढवतं. ओटीपी नसलेल्या पिलांत ताणानंतर सीआरएच हवं तसं वाढत नाही.

पुढचा भाग सावकाश वाचा. त्याच पेशीच्या पृष्ठभागावर पॅक-१ नावाचा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा रासायनिक निरोप घेणारं प्रथिन) असतो. ताण आला की ओटीपीच्या मदतीने त्याच्या जनुकावरून आलेल्या आरएनए संदेशाची कापाकापी वेगळ्या तऱ्हेने होते आणि ग्राहकाचं दुसरं रूप बनतं. हे दुसरं रूप लागतं ते सीआरएचचं उत्पादन थांबवायला. म्हणजे गाडी चालू करणारा आणि ब्रेक बसवणारा कारागीर एकच. तो नसेल तर गाडी नीट सुटत नाही, आणि ब्रेक नसेल तर थांबत नाही.

मला विचाराल तर सगळ्या विषयातली कळीची गोष्ट ब्रेक आहे. ताण येणं हे निरोगी माशाचं लक्षण. तो वेळेत उतरत नाही तिथे गडबड.

डॉ_खडीसाखर

ब्रेकबद्दल पूर्ण सहमत. माणसांतही नैराश्याच्या बऱ्याच रुग्णांत कॉर्टिसॉल जिथे खाली यायला हवं तिथे येत नाही, हे जुनं निरीक्षण आहे. डेक्सामेथासोन (कॉर्टिसॉलसारखं कृत्रिम औषध) देऊन ते खाली येतं का, अशी चाचणी करत असत.

ओटीपी सस्तन प्राण्यांत आहे ना? मग उंदरावरच का नाही केलं? मासा म्हटलं की रुग्णांना पटवणं अवघड जातं, हो.

पेट्रीवाला

आहे. उंदरांत पूर्ण काढून टाकलं तर याच पेशी बनत नाहीत आणि पिलं जन्मल्यावर लगेच मरतात. वागणूक बघायची कोणाची?

इथे माशाच्या पूर्वजांनी मदत केली. फार पूर्वी, या माशांच्या कुळात अख्ख्या जनुकसंचाची दुप्पट झाली. पुढे बरीच जनुकं गळाली, काहींच्या दोन्ही प्रती राहिल्या. ओटीपीच्या दोन आहेत, ए आणि बी. एक प्रत बिघडवली तरी दुसरी थोडंफार सांभाळून घेते, मासा मोठा होतो आणि त्याला टाकीत सोडून बघता येतं. उंदरात जे एका घावात संपतं ते इथे अर्ध्यावर थांबवता येतं. पटवायला हे पुरे होईल का बघा. शिवाय माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात किमान एक तरी नातेवाईक जनुक आहे, २०१३ साली जनुकसंच पूर्ण वाचल्यावर हे कळलं.

तुमच्या डेक्सामेथासोनच्या मुद्द्यालाही माशात जोड आहे. हर्विग बायर यांच्या गटाला कॉर्टिसॉलचा ग्राहकच बिघडलेले मासे सापडले. कॉर्टिसॉल भरपूर, पण मेंदूला "आता पुरे" हा निरोप पोचत नाही. असा मासा नव्या टाकीत गेला की हिंडून बघत नाही, थिजून राहतो, आणि पुन्हा पुन्हा नेलं तरी सरावत नाही. पाण्यात फ्लुऑक्झेटिन हे नैराश्यावरचं औषध घातल्यावर वागणं पूर्ववत व्हायला लागलं. तेच औषध, जे तुम्ही चिठ्ठीवर लिहिता.

टोच्या

थोडा कडू प्रतिसाद देतो, राग मानू नका. हे सगळं म्हणजे माशांना आधी छळायचं आणि मग "बघा, छळ झाला" असा शोधनिबंध लिहायचा. यातून नक्की काय साधतं? आणि ज्या जिवाला ताण कळतो असं तुम्हीच सिद्ध करताय त्यालाच ताण द्यायचा, ही विसंगती कोणाला खुपत नाही?

पेट्रीवाला

खुपते. नियमही त्यातूनच आले. युरोपच्या २०१० च्या कायद्यात स्वतंत्रपणे खाऊ लागलेल्या पिलांपासून संरक्षण सुरू होतं, म्हणजे या माशात साधारण पाचव्या दिवसापासून. त्यामुळे जमेल तितकं काम त्याच्या आत उरकण्याकडे कल असतो. ताणही साधे असतात: पाणी फिरवणं, थोडं मीठ घालणं, उजेड बदलणं. सूजिन र्‍यू यांच्या गटाने पिलांना कमी-जास्त मिठाचं पाणी देऊन सीआरएच पेशींकडे थेट बघितलं. मीठ जास्त, तसतशा जास्त पेशी जाग्या होतात आणि एका ठेक्यात चमकू लागतात.

पण पाचव्या दिवसाची रेघ ही सोयीची रेघ आहे असं मलाही वाटतं. ताणाचं कॉर्टिसॉल चौथ्या दिवशीच दिसतं हे मीच वर लिहिलंय. तुम्ही हा मुद्दा काढलात तर माझ्याकडे चोख उत्तर नाही.

टोच्या

एवढं मान्य केलंत, भरून पावलो. वाचतोय.

सिंगापुरी_सांबारं

इकडे सिंगापुरात सुरेश जेसुदासन यांच्या गटाने याच माशावर भीतीचं काम केलंय, म्हणून भर घालते.

कार्ल फॉन फ्रिश, मधमाश्यांच्या नाचाचे, त्यांनी १९३८ साली लिहिलं होतं की एका माशाची कातडी फाटली की पाण्यात असं काहीतरी सुटतं ज्याने बाकीचे मासे घाबरून एकत्र गोळा होतात. ते नेमकं काय असतं हे कळायला कैक वर्षं गेली. २०१२ मध्ये इथे दाखवलं की कातडीतल्या कॉन्ड्रॉइटिनचे तुकडे हा त्यातला एक घटक. गुडघेदुखीवाल्यांच्या गोळ्यांत असतं तेच घराणं!

आणि हॅबेन्युला विसरू नका. मेंदूच्या वरच्या अंगाला असलेली ही पेशींची छोटी जोडी माशात डावी-उजवी सारखी नसते. पिनियल ग्रंथीच्या शेजारचा पेशींचा एक पुंजका डावीकडे सरकतो आणि डाव्या हॅबेन्युलाला वेगळं वळण लावतो. जपानच्या रिकेन संस्थेतल्या लोकांनी २००७ मध्ये दाखवलं की इथे जन्मवेळ महत्त्वाची. लवकर जन्मलेल्या पेशी एका उपभागात जातात आणि तो डावीकडे मोठा होतो. उशिरा जन्मलेल्या दुसऱ्या उपभागात, तो उजवीकडे मोठा. पुढे २०१० मध्ये त्यांनीच तो डावीकडे मोठा असणारा उपभाग बंद पाडला, आणि धोक्याचा इशारा शिकलेले मासे पळायच्या ऐवजी थिजायला लागले. पळायचं की थिजायचं, याची वाट इतक्या लवकर आखली जाते.

जीवशास्त्राच्या_बाई

>> लवकर जन्मलेल्या पेशी एका उपभागात जातात

हे वर्गात सांगणार. धन्यवाद दोघांना. वाचनखूण साठवली.

शेततळं_सोलापूर

आमचं शेततळं आहे, रोहू-कटला-मृगळ. डॅनिओ-बिनिओ नाही, पण विषय ओळखीचा वाटला. मत्स्यबीज आणताना एक दिवस आधी हाप्यात (पाण्यातल्या जाळीच्या पिंजऱ्यात) उपाशी ठेवून सरावतात, मग ऑक्सिजनच्या पिशवीत भरतात. तळ्यावर आलं की पिशवी तशीच पाण्यात तरंगत ठेवायची, आतबाहेरचं पाणी एक झालं की सोडायचं. घाई करणाऱ्याचं बीज पहिल्या दिवशी तरंगतं हे सगळे जाणतात. पण जे जगतं तेही नंतर नीट खात नाही, असं आमच्याकडचे म्हातारे लोक म्हणतात. लहानपणचा ताण मेंदूला लागून राहतो असं काही आहे का?

पेट्रीवाला

दादा, प्रतिसाद आवडला. तुमच्या कार्पवर थेट बोलणार नाही, झेब्राचं सांगतो. तो कार्पच्याच गणातला, तेवढं नातं आहे.

आधी युक्ती बघा. पिलाला बाहेरून त्रास न देता कॉर्टिसॉल वाढवायचं कसं? बॅक्टेरियातलं एक प्रथिन आहे, निळा उजेड पडला की पेशीला आतून चालना देतं. ते पिलाच्या नेमक्या त्या पेशींत घातलं, म्हणजे उजेड पाडून शरीराचं स्वतःचंच कॉर्टिसॉल वाढवता येतं. पिलू आरपार असल्याने उजेड आत पोचतो. मघा सांगितलेल्या र्‍यू यांच्या गटाने हे केलं.

अशी सुरुवातीपासून जास्त कॉर्टिसॉलमध्ये वाढलेली पिलं बघितली, तर हायपोथॅलॅमसमधल्या पेशी वेळेआधी तयार व्हायला लागतात. ऐकायला बरं वाटतं. पण नव्या पेशी देणारा मूळ साठा त्यात लवकर खर्च होतो आणि पुढे भरती कमी पडते. आणि खाण्यावर परिणाम होतो. हायपोथॅलॅमसकडे भूकही असते, म्हणून. तुमच्या म्हाताऱ्यांना एवढं सांगा, की झेब्रात तरी त्यांच्या म्हणण्यासारखं दिसलंय.

पिशवीतल्या प्रवासाने एवढं होतं असं मात्र यावरून म्हणता येत नाही. तिथे एखाद्या दिवसाचा ताण, इथे वाढीचा सगळा काळ.

शेततळं_सोलापूर

समजलं. पिशवी तरंगत ठेवणार म्हणजे ठेवणार.

दुपारची_चहा

हे वाचून झेब्रा आणावेसे वाटतायत. अंडी घरी बघता येतील का? मुलगी सातवीत आहे, भिंग आहे तिच्याकडे.

पेट्रीवाला

येतील. सकाळी दिवा लागल्यावर पहिल्या तासाभरात अंडी घालतात, म्हणून दिव्याची वेळ रोज एकच ठेवा. तळाला गोट्यांचा थर द्या, नाहीतर आईबापच अंडी खाऊन टाकतात. त्यात लाजत नाहीत. गोट्यांच्या फटींतून अंडी नळीने ओढून वेगळ्या बशीत घ्या, पांढरी पडलेली काढून टाका. पाणी कोमट, २८ अंशांच्या आसपास. शाळेतल्या दहापट भिंगातून दुसऱ्या दिवशी हृदय धडधडताना दिसेल आणि शेपटीची उलथापालथ तर नुसत्या डोळ्यांनी. मेंदूतल्या पेशी अर्थात दिसणार नाहीत. चौथ्या दिवशी बशी हलकेच फिरवून मुलीला विचारा, पिलं काय करतात. टोच्यांना सांगू नका.

टोच्या

मी इथेच आहे.

निरागस_नारायण

माझ्याकडे चार झेब्रा आहेत, वर्ष झालं, एक अंडं नाही. दिवा वेळेवर, गोट्याही आहेत. तळाला बसत नाहीत, मजेत हुंदडतात. सगळे सडपातळ, थोडे पिवळट.

पेट्रीवाला

मग चारही नर असावेत. मादी पोटाने गोल आणि जास्त रुपेरी दिसते. दुकानात जाऊन पोट बघून दोन-तीन आणा. आणि पिशवी आधी तरंगत ठेवा, सोलापूरकर बघतायत.